प्रतिसाद: आधी धुणं, मग घासणं

पुण्याच्या नाना पेठेतून गाडीच्या जुन्या लोखंडी रिम (टायर ज्यावर चढतो ते चाक) आणल्यात, थेट पॉलिश पेपर मारून स्प्रे करू का, असं तुम्ही विचारलंय. थेट नको! आधी तेलकटपणा काढा. पेपर आधी मारला की ग्रीस ओरखड्यांत जाऊन बसतं आणि पुढे रंग तिथूनच पोपडे धरून सुटतो.

मी गेल्या उन्हाळ्यात चार रिम केल्या. बाहेरून बऱ्या दिसत होत्या, पण आतल्या बाजूला ब्रेकची काळी पूड अक्षरशः भाजल्यासारखी चिकटलेली. डिशवॉश, गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश, असं तीनदा केलं तेव्हा कुठे पाणी स्वच्छ निघालं. चाकाचा तोल साधायला चिकटवलेल्या वजनांचा डिंक रॉकेलने सुटतो, पण रॉकेलचा थर राहतो, म्हणून नंतर थिनरचं फडकं फिरवाच. मग घासणं: गंजाला ८० नंबरचा खरखरीत पेपर, मग १८०, शेवटी ३२० चा बारीक वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा). नख फिरवून बघा, जुन्या रंगाची कड लागायला नको.

या चर्चेत वर कुणीतरी मळ काढायला कॉस्टिक सोडा सुचवलाय. तुमच्या रिम लोखंडी आहेत, पण कुणाकडे अलॉय व्हील (ॲल्युमिनियमची चाकं) असतील तर त्यांना तो अजिबात लावू नका, ॲल्युमिनियम खातो.

आणि कळकळीने सांगतो, नट बसतात ती भोकं आणि हबला (गाडीचा ज्या भागावर चाक बसतं तो) टेकणारा भाग मास्किंग टेपने झाकाच. तिथे रंगाचा जाड थर दबला की नट सैल पडतात. चाकं लावल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

हवा पावसाळी असली तरी घाई नको, धुतल्यावर रिम पूर्ण वाळल्याशिवाय प्रायमर (रंगाआधीचा थर) मारू नका.