ट्रेलर उलटण्याचं सिम्युलेशन: चासी ताठ धरणं चालेल का?

कमानपाटा:
सिम्युलेशनचा रन लवकर संपावा म्हणून ट्रॅक्टरची (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या ट्रकची) चासी ताठ, म्हणजे न पिळणारी धरायची, सस्पेन्शनच्या कमानपाट्यांमधलं घर्षण सोडून द्यायचं, ही पद्धत रुळत चालली आहे. माझा तिला विरोध आहे. दोन चाकांमधलं अंतर १.९ मीटर, गुरुत्वमध्य २ मीटर उंच, तर कागदावरच्या गणिताने गाडी वळणावर सुमारे ०.४७ जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) इतक्या आडव्या त्वरणाला उलटते. प्रत्यक्षात टायर दबतात, पाटे झुकतात, फिफ्थ व्हीलमध्ये (ट्रॅक्टर-ट्रेलरच्या जोडणीत) ढिलाई असते. भरलेला ट्रेलर ०.४ जीच्या आतही आडवा होतो. त्यात चासीचा पीळ वगळला की ट्रॅक्टर ट्रेलरला खऱ्यापेक्षा जास्त सावरताना दिसतो. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला जाते.

घाटवाट:
नाही पटत. पीळ अचूक धराल, पण माल किती उंच रचलाय ते कोण सांगणार? सिमेंटच्या गोण्या आणि कापसाच्या गाठी, वजन तेच असलं तरी गुरुत्वमध्य कुठल्या कुठे. एका रनमध्ये रात्र घालवण्यापेक्षा सोप्या मॉडेलवर भाराच्या हजारो शक्यता तपासा. शिवाय ट्रकच्या टायरची पूर्ण भाराखालची मोजमापं मिळणं मुश्कील. मॅजिक फॉर्म्युल्यात (टायरच्या बलाच्या सूत्रात) अंदाजाचे आकडे भरून वर मॉडेलमध्ये शंभर बॉडी, म्हणजे सुटे भाग जोडले, तर ती अचूकता कसली?

कमानपाटा:
हजारो रन जरूर करा. पण सगळ्यांत तीच चूक त्याच दिशेला असेल, तर रन वाढवून ती जाणार नाही.

बेंचवाला:
तुम्हा दोघांचा संगणक थांबू शकतो, माझा नाही. स्थिरता नियंत्रणाचा खरा ईसीयू (गाडीतला नियंत्रक संगणक) चाचणीच्या बेंचवर सिम्युलेशनला जोडला की साधारण दर मिलिसेकंदाला उत्तर लागतं. उशिरा आलेलं बरोबर उत्तर निरुपयोगी. पाट्यांचं कोरडं घर्षण जसंच्या तसं ठेवलं, तर एवढ्या लहान कालपायरीतही आकडे भडकतात.

कमानपाटा:
घर्षणाचा वक्र थोडा गुळगुळीत करा, हरकत नाही, फक्त हिस्टेरिसिसचा लूप (पाटा दबताना आणि सुटताना बलात पडणारा फरक) टिकला पाहिजे. पिळासाठी चासीचे पुढचा-मागचा असे दोन भाग करून मध्ये एक टॉर्शन स्प्रिंग टाका. एकच डिग्री ऑफ फ्रीडम (मॉडेलची स्वतंत्र हालचाल) वाढते, रिअल-टाइममध्ये आरामात बसते. स्प्रिंगचा आकडा चासी रिगवर पिळून एकदाच काढायचा.

घाटवाट:
एवढं असेल तर पिळाचं मान्य. पण अर्धा भरलेला टँकर? आत हेलकावणाऱ्या द्रवासाठी एक पेंड्युलम मला पुरेसा वाटतो.

कमानपाटा:
सावकाश वळणाला पुरेल. झटक्यात लेन बदलली आणि लाट टाकीच्या छताला आपटली, की पेंड्युलमवर माझा भरवसा नाही. तिथे मी द्रवाचं पूर्ण मॉडेलच चालवेन, दोन दिवस लागले तरी.