तळघर, जमिनीवरचा कोबा, वरचा मजला: रेडॉन नेमका शिरतो कुठून?

प्रश्न:
रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू. घराच्या प्रकारानुसार त्याच्या आत शिरण्याच्या वाटा बदलतात का? आणि फटी बुजवल्या की भागतं का?

प्रतिसाद १:
वाटा बदलतात, कारण एकच. माती-खडकातल्या रेडियमपासून रेडॉन तयार होतो. घरातली गरम हवा वरून निसटते, तळाशी दाब काही पास्कलनं उतरतो आणि जमिनीतली हवा आत ओढली जाते. म्हणूनच थंडीत, दारं-खिडक्या बंद असताना आकडे चढतात.

तळघराला धोका सगळ्यात जास्त, कारण भिंतीही मातीला टेकलेल्या. आधी भिंत आणि कोबा मिळतात तो सांधा बघा. काँक्रीट सुकताना आकसतं, तिथे कडेकडेनं केसाएवढी फट राहते. मग पाणी उपसायचा उघडा खड्डा. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर गॅस पोकळ्यांतून वर चढतो आणि सगळ्यात वरच्या थरातून घरात येतो. तो थर भरून बंद केला नसेल, तर खालचा गिलावा कितीही पक्का असून उपयोग नाही.

प्रतिसाद २:
थेट जमिनीवरच्या कोब्यात पाइपांभोवतीची मोकळी जागा तपासा, विशेषतः टबाखालची. उचललेल्या घराखालून वारा खेळत असेल तर फारशी चिंता नाही. ती जागा बंदिस्त असेल तर आहे. वरच्या मजल्यांवर मातीचा वाटा नगण्य, थोडाफार येतो तो बांधकामाच्या साहित्यातून.

बोअरचं पाणी विसरू नका. लिटरमागे 1,000 बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) रेडॉन असलेलं पाणी घरातल्या हवेत घनमीटरमागे साधारण 100 बेकरेलची भर घालतं.

प्रतिसाद ३:
नुसत्या फटी बुजवून भागत नाही. ओढ तशीच राहते, गॅस दुसरी फट शोधतो. आधी मोजा. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी घनमीटरला 100 बेकरेल आहे, ते जमत नसेल तिथे कमाल 300. दोन दिवसांची चाचणी फक्त अंदाज देते, निर्णयासाठी किमान तीन महिने मोजा. आकडा जास्त आला तर कोब्याला भोक पाडून, खालच्या खडीत 10 सेंटिमीटरचा पाइप सोडून, पंख्यानं हवा छपराच्या वर काढा. पाणी उपसायच्या खड्ड्याला हवाबंद झाकण हवंच, नाहीतर पंखा खोलीतलीच हवा ओढत बसतो.

प्रश्नकर्ता:
पंखा तळघरातच बसवला तर?

प्रतिसाद ३:
अजिबात नको. पंख्याच्या पुढच्या पाइपात दाब जास्त असतो. एखादा सांधा गळला तर जमिनीतला सगळा गॅस घरातच. पंखा घराबाहेर किंवा माळ्यावर, राहत्या खोल्यांच्या वरच बसवा.