दिवे घाट चढल्यावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घसरतो : गिअरबॉक्स न उतरवता निदान कसे करावे?

प्रश्न (हडपसर)

नमस्कार. माझ्याकडे वापरलेली घेतलेली, दुहेरी केबिनची, फोर बाय फोर, डिझेल ऑटोमॅटिक पिकअप आहे. गाडी सव्वा लाख किलोमीटर चालली असून गिअरबॉक्सचे ऑइल कधी बदलले होते याची नोंद आधीच्या मालकाकडे नाही. शेत सासवडच्या पुढे असल्यामुळे दिवे घाटातून नेहमी ये-जा असते. सकाळी काहीच त्रास जाणवत नाही. मात्र घाट चढून गिअरबॉक्स तापला की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना आरपीएम एकदम वाढतात आणि वेग मात्र वाढत नाही. न्यूट्रलमधून डी मध्ये टाकल्यावर गाडी ओढ घ्यायला उशीर करते. सपाटीवर साठ-सत्तरच्या वेगाने हलक्या ॲक्सिलरेटरवर जाताना रंबलरवरून गेल्यासारखी थरथर येते. गेल्या आठवड्यात चेक लाइट लागून गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि बंद करून पुन्हा सुरू केल्यावर पूर्ववत झाली. एका गॅरेजने स्कॅन न करताच ओव्हरहॉल (गिअरबॉक्स उतरवून, पूर्ण उघडून दुरुस्ती) सांगितले असून त्यांचा अंदाज लाखाच्या वर आहे. माझी तयारी १५ हजारांपर्यंतची आहे. सुरुवात कुठून करावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (भोसरी)

स्कॅन केल्याशिवाय आणि ऑइलची पातळी योग्य रीतीने तपासल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवायला संमती देऊ नका. आपण सांगितलेली लक्षणे, म्हणजे तापल्यावर घसरणे, डी मध्ये उशिरा बसणे आणि चढावर त्रास वाढणे, ही ऑइल कमी असल्यावरही अशीच दिसतात. पातळी खाली गेली की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच प्लेट पूर्ण पकड घेत नाहीत. त्यात ऑइल तापून पातळ झाले की उरलासुरला दाबही झिजलेल्या सीलमधून निसटतो.

आधी स्कॅन. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. त्यावर पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने तक्रार नोंदवली आहे. खरी तक्रार त्या कंट्रोलरमध्ये असते आणि ती वाचणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे अशा ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच जावे लागते. पी०७४१ आला तर टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाच्या) लॉकअप क्लचकडे, म्हणजे दोन्ही थेट जोडणाऱ्या क्लचकडे, बोट जाते, पी०७३० म्हणजे गिअरचे गुणोत्तर जुळत नाही, आणि पी०७१५ किंवा पी०७२० असेल तर स्पीड सेन्सर किंवा त्याचे वायरिंग आधी पाहावे, कारण ती दुरुस्ती तुलनेने फारच स्वस्त असते. त्याच वेळी बॅटरीही मोजून घ्या. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. अर्थची वायर गंजलेली असेल तर सोलेनॉइड (गिअरबॉक्समधले ऑइलचे विद्युत व्हॉल्व्ह) विनाकारण बदलले जातात, हे मी वारंवार पाहिले आहे.

ऑइलच्या पातळीबाबत बहुतेक गॅरेजमध्ये घाई होते. आपल्या गाडीला डिपस्टिक नसेल तर लेव्हल प्लगमधून पातळी पाहावी लागते; ऑइल पुरेसे असेल तर तो उघडल्यावर तिथून ओघळते. त्यासाठी गाडी सपाट जागी, इंजिन चालू आणि ऑइलचे तापमान मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत हवे. अनेक मॉडेलमध्ये ते सुमारे ४० अंश सेल्सिअस असते, म्हणून हे काम सकाळी गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरच करावे. घाटातून उतरून थेट गॅरेजमध्ये नेलेल्या गाडीत ऑइल फुगलेले असते आणि पातळी खोटी दिसते. ड्रेन प्लग उघडण्याआधी भरण्याचा प्लग सुटतो आहे ना, याची खात्री करून घ्या.

ऑइल कमी निघाले आणि खाली गळती दिसली नाही, तर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाची) पातळी पाहा. काही फोर बाय फोर गाड्यांत मधले सील गेले की गिअरबॉक्सचे ऑइल तिकडे जाते. ऑइल गुलाबी दुधासारखे दिसले तर रेडिएटरमधल्या ऑइल कूलरमधून कूलंट मिसळले आहे असे समजावे आणि गाडी तिथेच थांबवावी.

प्रतिसाद (कोथरूड)

इतक्या किलोमीटरनंतर ऑइल बदलले की चालता गिअरबॉक्स बंद पडतो, असे मी अनेकांकडून ऐकले आहे. अशा गाडीत ऑइलला हात लावणे धोक्याचे नाही का?

प्रतिसाद (भोसरी)

आपली शंका रास्त आहे. ज्या गिअरबॉक्सच्या क्लच प्लेट आधीच संपत आल्या आहेत, तो ऑइल बदलल्यानंतर पुढे बंद पडतो आणि दोष नव्या ऑइलला मिळतो. म्हणूनच ड्रेन केल्यावर पॅन (गिअरबॉक्सखालचे ऑइलचे भांडे) उतरवून आतले मॅग्नेट पाहावे. त्यावर बारीक राखाडी लगदा असणे सामान्य आहे. धातूचे तुकडे, पितळी कण किंवा काळा तंतुमय गाळ आणि जळका वास असेल तर ऑइलवर पैसे घालू नयेत. पॅन स्वच्छ असेल तर मशीन लावून फ्लश न करता साधे ड्रेन करून भरावे. कन्व्हर्टरमधले ऑइल आतच राहत असल्याने एका वेळी साधारण तिसरा ते अर्धा हिस्साच बदलतो. त्यामुळे थोडे चालवून तेच काम पुन्हा करावे लागते. ऑइल मॅन्युअलमधल्या स्पेसिफिकेशनचेच हवे; रंग लाल असल्याने ते चालेल असे नाही. नाना पेठेतून घेतल्यास सीलबंद डबा आणि पक्के बिल घ्यावे.

प्रतिसाद (चाकण)

थरथरीची एक बिनखर्चाची चाचणी सुचवतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर थरथर सुरू असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून दुसऱ्या पायाने ब्रेकला इतकाच स्पर्श करावा की ब्रेकलाइट लागेल. त्याने बहुतेक गाड्यांत लॉकअप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर कारण लॉकअप क्लच किंवा जुने ऑइल. न थांबल्यास प्रोपेलर शाफ्टचा (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस म्हणजे सांधा आणि इंजिनचे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) पाहावे. गाडी बंद पडली तर मागची चाके जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका; इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) मागवावा.

प्रश्नकर्ता (हडपसर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ब्रेकला स्पर्श करताच थरथर थांबते. स्कॅनमध्ये पी०७४१ मिळाला असून सेन्सरचा एकही कोड नाही, आणि बॅटरी ठीक आहे. सकाळी पातळी पाहिली तेव्हा प्लगमधून थेंबही आला नाही. कूलरच्या पाइपच्या जोडाजवळ ओलसर धूळ जमलेली दिसली. ऑइल गडद आहे, पण जळका वास नाही. पॅन शनिवारी उतरवणार आहे.

प्रतिसाद (भोसरी)

मग आधी तो जोड आणि त्याची सील बदलून घ्या, नाहीतर नवे ऑइलही तिथूनच जाईल. पॅन उतरवल्यावर मॅग्नेटचा फोटो येथे टाका. पॅन स्वच्छ निघाला तर फिल्टर, गॅस्केट आणि दोन वेळचे ऑइल आपल्या रकमेत बसायला हरकत नाही. तोपर्यंत घाटात भरलेली गाडी नेऊ नका.