एपीएल (प्रोग्रामिंग भाषा): नेस्टेड यादीवर (यादीच्या आत यादी) +/ का अडतं?

प्रश्न: (१ २ ३)(४ ५) ला १०+ लावलं तर आतल्या प्रत्येक आकड्यात दहा मिळवले जातात. मग बेरीज करणाऱ्या +/ ला लेंग्थ एरर (लांबी जुळत नसल्याची चूक) का?

उत्तर: + आतपर्यंत झिरपतो, पण / तो फक्त बाहेरच्या घटकांमध्ये घालतो. म्हणजे (१ २ ३)+(४ ५), लांबी जुळणार कशी? ईच (¨, म्हणजे प्रत्येक घटकावर वेगवेगळं) वापरा: +/¨ दिलंत की ६ ९.

दुसरं उत्तर: एरर आली तर बरंच, निदान कळतं तरी. मला भीती वाटते ती सारख्या लांबीची. (१ २ ३)(४ ५ ६) वर नुसतं +/ बिनबोभाट चालतं आणि ५ ७ ९ देतं, तेही एका घटकात बंद करून. हवं असतं ६ १५. म्हणून डेटा नेस्टेड असेल तर मी उत्तराची खोली (आत किती पातळ्या आहेत ते) ≡ ने बघतोच.

प्रश्नकर्ता: जमलं! आणखी एक पातळी आत असेल तर?

दुसरं उत्तर: +/¨¨