मांजर म्हशीला भिडते तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

परवा पहाटे कोठ्यात कुटार टाकायला गेलो, तर आमची मांजर म्हशीसमोर उभी. वजनानं चार किलोही भरणार नाही. पाठीची कमान, शेपटी ज्वारीच्या कणसासारखी फुगलेली. म्हशीच्या मनात काही नव्हतं, ती आपली गव्हाणीकडं येत होती. पण त्याच गव्हाणीच्या कोपऱ्यात चार दिवसांची पिल्लं होती, डोळेही न उघडलेली. नाकावर एक पंजा बसला आणि म्हैस दावं ताणेस्तोवर मागं सरली. एवढी हिंमत येते कुठून? तुम्ही काय पाहिलं, ते लिहा.

दारव्ह्याकडून
आमचा बोका कुत्रं दिसलं की कडुनिंबावर चढायचा, हे रोजचंच. एकदा अंगणात सोयाबीनची पोती रचली होती, त्यामुळं झाडाकडची वाट बंद. बोका पोत्यांपर्यंत गेला आणि वळून उभा राहिला. कान मागं दाबलेले, फिसकारणं असं की साप आहे वाटावं. मागं लागलेलं कुत्रं जागीच थबकलं. पळणारं काही उरलंच नाही, तर ते धावणार कशामागं? आमची बुढी ओट्यावरून ओरडली, "कोंडलेल्या मांजरीले वाट द्या लागते बापू, नाही त थे नरड्यावर येते!" मी दोन पोती सरकवली. बोका त्या फटीतून निघून थेट झाडावर.

सिंदेवाही तालुक्यातून
आमची वाचली नाही. रात्री तीन कुत्री आली होती. तिला एकटीला कौलांवर जाता आलं असतं, भिंत समोरच होती. ती टोपलीपुढून हलली नाही. तीनपैकी दोन पिल्लं शेळीच्या दुधावर, कापसाच्या बोळ्यानं जगवली. अजून लिहिताना हात थांबतो.

गुरांच्या दवाखान्यात काम करतो, वर्धा जिल्हा
ती घाबरलेलीच असते. भीतीनं अंगात जे रसायन उसळतं, त्यानंच केस उभे होतात. वर ती आडवी उभी राहते, म्हणून मोठी दिसते. मांजर उंदराची शिकार करते, पण स्वतःही कुत्र्याची, कोल्ह्याची शिकार ठरते. म्हणून दोन्हीकडचे डाव तिच्या अंगात असतात. लांब पळायचा दम तिच्यात नाही. नख्या मात्र चालताना आत राहतात, झिजत नाहीत, आणि जनावराचं नाक फार नाजूक. एका ओरखड्यासाठी पुढं जाणं मोठ्या जनावराला परवडत नाही. भांडण सोडवायला हात घालू नका. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच दवाखाना गाठा.

धागा काढणारा
सिंदेवाहीचा अनुभव वाचून रात्रीच कोठ्यात गेलो. गव्हाण रिकामी. काळजात धस्स झालं. वर पाहिलं तर माळ्यावर, पऱ्हाटीच्या भाऱ्यामागं, ती शेवटचं पिल्लू मानेला धरून नेत होती. शिडी तिथंच ठेवली आहे.