मदत हवी आहे: आईचा युफोर्बिया बुडाकडून कुजतोय, फांद्या कशा जगवू?

नमस्कार मंडळी. मी चिपळूणची. आईने नऊ वर्षांपूर्वी लावलेला काटेरी युफोर्बिया (मिली जातीचा, गुलाबी फुलांचा) अंगणात कुंडीत आहे. आई गेली, पण झाड बारमाही फुलत राहिलं. यंदा दोन आठवडे झड लागली आणि पानं पिवळी पडून गळाली. काल अंगठ्याने दाबून पाहिलं तर मातीलगत चार बोटं खोड मऊ लागलं, साल सरकली, आतून तपकिरी पाणी आलं. वरच्या फांद्या मात्र टणक आहेत. एक शेंडा खुडला तर चीक भराभर आला.

मागच्या वर्षी तीन फांद्या गुलाबासारख्या लावल्या होत्या. कापल्या कापल्या शेणखताच्या ओल्या मातीत खोचल्या, वरून प्लास्टिकची पिशवी. दहा दिवसांत तिन्ही काळ्या पडल्या. आता पावसातच फांद्या लावू की ऑक्टोबरपर्यंत थांबू? आईच्या हातचं एवढं एकच झाड उरलंय, म्हणून कात्री लावायच्या आधी विचारते आहे.

प्रतिसाद १
ताई, थांबू नका, कूज वर चढते. आजच कापा. काप आतून स्वच्छ दिसला पाहिजे. तपकिरी डाग दिसला तर आणखी वर कापा, आणि दर वेळी पातं स्पिरिटने पुसा. चार-पाच इंचांचे तुकडे करा, चीक थांबेपर्यंत टोक पाण्यात धरा. मग आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर कोरडे ठेवा. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं. काप सुकून खपली धरली नाही की ओल्या मातीत तो कुजतोच, आणि पिशवीने दमट कोंडलं गेलं. हे मूळचं मादागास्करचं झाड, गुलाबाचे लाड त्याला सोसत नाहीत. जाडी वाळू आणि जांभ्याचा चुरा निम्म्याहून जास्त घ्या, शेणखत आता अजिबात नको. कुंडी पागोळीखाली येऊ देऊ नका. पाणी अगदी बेताचं, तेही माती पूर्ण सुकल्यावर.

प्रतिसाद २
चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार त्रास होतो. हातमोजे घालाच. चुकून गेलाच तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

धागाकर्ती
मनापासून आभार. संध्याकाळी कापलं. मुख्य खोड वीतभर वरपर्यंत आतून तपकिरी निघालं, पण सहा फांद्या स्वच्छ मिळाल्या. चीक धुऊन ओसरीवर वर्तमानपत्रावर ओळीने ठेवल्या आहेत. एकीला अजून दोन फुलं आहेत, ती खुडावीत का?

प्रतिसाद १
हो ताई, खुडा. आता जोर मुळांना लागू दे.