घरगुती एलईडी व्हिडिओ लाइट: डिमर लावला की चित्रात पट्टे, मदत हवी आहे

कॅमेऱ्यावर बसेल असा छोटा लाइट बनवतोय. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर १२ व्होल्टची, जास्त सीआरआयची (म्हणजे रंग खरे दाखवणारी) एलईडी स्ट्रिप तुकडे करून चिकटवली आहे, पुढे ट्रेसिंग पेपर. पॉवर १८६५० चे तीन लिथियम-आयन सेल सिरीजमध्ये, बीएमएससकट (सेल सांभाळणारं सर्किट). पूर्ण उजेडात चित्र झकास, चेहऱ्याचा रंगही खरा येतो. पण डिमरने उजेड कमी केला की स्क्रीनवर आडवे काळे पट्टे सरकतात. डोळ्यांना काहीच जाणवत नाही.

डिमर साधा पीडब्ल्यूएमचा आहे, म्हणजे लाइट झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणारा. शटर १/५० ला पट्टे फिके, १/२०० ला एकदम ठळक. आउटपुटला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहिला. फरक किरकोळ, वर डिमरमधला मॉसफेट (चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) तापायला लागला. शिवाय पॅक १२.६ वरून ९ व्होल्टकडे उतरतो तसा उजेडही पडत जातो, आणि मुलाखतीच्या मध्येच ते झालं तर शॉट जुळत नाहीत.

स्लो मोशनही करायचं आहे, त्यामुळे शटर १/५० वर अडकवून चालणार नाही. लोड १५ वॉटच्या आत, पंखा नको (माइक जवळच असतो), आणखी खर्च ५०० रुपयांपर्यंत.

डिमर काढून बक-बूस्ट मॉड्यूल (बॅटरी उतरली तरी ठरवलेलं व्होल्टेज देणारं) घ्यावं आणि पॉटने (फिरवायच्या नॉबने) व्होल्टेज ९ ते १२ दरम्यान फिरवावं, की २० किलोहर्ट्झच्या वरचा पीडब्ल्यूएम पुरेल? आणि व्होल्टेज कमी केल्यावर स्ट्रिपचा रंग बदलतो का, कोणी प्रत्यक्ष पाहिलंय?